नंतर ‘नको’ म्हणण्याचा हक्क

कर्करोगामुळे स्तन काढावा लागतो. मग इम्प्लांट घालून किंवा पोटाची कातडी आणि चरबी वर आणून तो पुन्हा घडवला जातो. काही वर्षं जातात आणि एक दिवस ती बाई सर्जनला सांगते, हे काढून टाका, आता मला सपाट छातीच हवी आहे. अमेरिकेत गेल्या दहाएक वर्षांत अशा बायका उघडपणे बोलू लागल्या, स्वतःच्या व्रणांचे फोटो छापू देऊ लागल्या आणि त्यांच्यावरून वादही सुरू झाला. तिथल्या मराठी घरांतही तो आता होतो. वादाची दोन टोकं ठरून गेली आहेत. एक बाजू म्हणते, एवढी कापाकापी झाली, एवढा खर्च झाला, आता पुन्हा भूल आणि पुन्हा टाके कशाला? बाई खचली आहे, तिला समुपदेशन द्या. दुसरी बाजू तिला लढवय्यी ठरवते, पुरुषी नजर झुगारल्याबद्दल तिची पाठ थोपटते आणि जिने इम्प्लांट ठेवलं ती त्या नजरेला शरण गेली असं न बोलता सुचवते. दोन्ही बाजू मला एकाच ठिकाणी चुकलेल्या दिसतात. दोघांनाही बाईच्या मनाचा निकाल लावायचा आहे. तिच्या छातीत काय दुखतं आहे आणि तिला कोणी काय विचारलं होतं, याची चौकशी कोणीच करत नाही.

माझं म्हणणं असं आहे. पुनर्रचना उलटवणं हा कर्करोगाच्या उपचाराचाच एक टप्पा आहे, पुनर्रचना करणं हा जसा टप्पा होता तसाच. त्यासाठी आपला पहिला निर्णय चुकला होता, अशी कबुली बाईकडून मागायची गरज नाही. धैर्याचं प्रदर्शनही मागायची गरज नाही. ती शस्त्रक्रिया पहिल्या शस्त्रक्रियेइतक्याच कौशल्याने व्हावी, तिला विम्याचा तितकाच आधार असावा, आणि तिची शक्यता पहिल्याच भेटीत बाईला सांगितली जावी.

आधी ही पुनर्रचना शरीरात कशी नांदते ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांना ती एकदा झाली की संपली असं वाटतं. इम्प्लांटच्या बरीच वर्षं रूढ असलेल्या पद्धतीत आधी छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक्सपांडर नावाची पिशवी बसवतात. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात सलाइन भरत कातडी आणि स्नायू ताणत नेतात आणि काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून तिच्या जागी इम्प्लांट घालतात. अमेरिकेचं औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, स्पष्ट सांगतं की इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही आणि ते जितकी वर्षं शरीरात राहील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते. सिलिकोनचं असेल तर ते आतल्या आत फाटलं आहे का हे बघायला पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी अशी शिफारस आहे. परक्या वस्तूभोवती शरीर आपोआप एक वेष्टन तयार करतं. ते आवळत गेलं की स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो, आणि रेडिएशन घेतलेल्या छातीत हे जास्त घडतं. स्नायूखालचं इम्प्लांट स्नायू आवळला की जागचं हलतं. कणीक मळताना, जड पिशवी उचलताना, दार ढकलताना ते जाणवतं. कातडीची संवेदना बहुधा स्तनाबरोबरच गेलेली असते. न्यू जर्सीत राहणारी माझी एक मैत्रीण सांगायची, जानेवारीत बाहेरून घरात आलं की हातपाय थोड्या वेळात गरम व्हायचे, इम्प्लांट मात्र कितीतरी वेळ गारच राहायचं. तिचे कपडे नीट बसत होते. आरशात ती चांगली दिसत होती. डॉक्टरांच्या कागदांवर तिची पुनर्रचना यशस्वी होती. तरी दोन्ही हात वर करून केस विंचरताना छातीवर पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, आणि ते सात वर्षांत थांबलं नाही.

स्वतःच्या ऊतींपासून स्तन घडवणं, म्हणजे डीआयईपी फ्लॅपसारख्या पद्धती, यात परकी वस्तू नसते आणि दीर्घकाळात बायका त्यावर जास्त समाधानी असतात. पण त्यासाठी पोटातल्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडाव्या लागतात, शस्त्रक्रिया कित्येक तास चालते आणि ओटीपोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहतो. अमेरिका आणि कॅनडातल्या 11 केंद्रांमधल्या 2343 स्त्रियांचा दोन वर्षं पाठपुरावा करून 2018 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या पद्धती धरून जवळजवळ तिघींपैकी एकीला, 32.9 टक्के जणींना, काही ना काही गुंतागुंत झाली होती आणि 19.3 टक्के जणींना त्यापायी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. कोणी म्हणेल, म्हणजे दोन-तृतीयांश जणींचं सुरळीत झालं की. झालंच. पण उरलेल्या एक-तृतीयांशांपैकी एखादी ‘आता बस’ म्हणाली तर तिच्या मनाची तपासणी करायची, की तिला जे झालं त्याची?

पहिला निर्णय कोणत्या परिस्थितीत होतो हेही पाहायला हवं. बायोप्सीचा अहवाल आणि ऑपरेशन यांच्यामध्ये बहुधा काही आठवडे मिळतात. त्यात केमो आधी की नंतर, काखेतल्या गाठी काढायच्या की नाही, मुलांना काय सांगायचं, रजा कशी घ्यायची, पैसे कुठून आणायचे, हे सगळं ठरवायचं असतं. त्याच आठवड्यांत पुढच्या तीस वर्षांच्या शरीराचाही निर्णय घ्यायचा. तो निर्णय तेव्हाच्या माहितीवर योग्य असू शकतो, आणि तरीही दहा वर्षांनी त्याच बाईसाठी योग्य राहत नाही, यात विसंगती कोणती? कधी तर माहितीच बदलते. अ‍ॅलर्गन कंपनीची बायोसेल नावाची खडबडीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स वर्षानुवर्षं बसवली जात होती. 24 जुलै 2019 रोजी एफडीएच्या सांगण्यावरून कंपनीने ती जगभरातून परत मागवली, कारण इम्प्लांटभोवतीच्या वेष्टनात होणाऱ्या एका लिम्फोमाशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाशी, त्यांचा संबंध दिसला होता. तोवर जगभरात अशा 573 केसेस आणि 33 मृत्यू नोंदले गेले होते. हा आजार दुर्मीळ आहे, लक्षणं नसतील तर इम्प्लांट काढण्याची गरज नाही, असंही एफडीएने सांगितलं आणि ते बरोबरच होतं. पण एकदा कर्करोगातून उठलेल्या बाईने ही बातमी वाचून छातीवर हात ठेवला असेल, तर तिला घाबरट म्हणायचा अधिकार कोणाला आहे? 2012 साली सही करताना 2019 ची बातमी तिला कशी कळणार होती? एफडीएने या आजाराबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा आणि रुग्णाने वाचून सही करायची यादी सक्तीची केली ती 2021 मध्ये.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं, आणि त्यातलं सगळ्यात बळकट म्हणणं आधी. पुनर्रचना ही चैन नाही, बायकांनी झगडून मिळवलेली गोष्ट आहे, तिच्याबद्दल शंका पेरू नका. हे मला पूर्ण मान्य आहे. गेलेला अवयव परत घडवून घेण्यामागे माणसाची केवढी ओढ असते हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं, ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं सचित्र वर्णन छापून आलं आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला त्यातून मोठी चालना मिळाली. त्या गाडीवानाला कोणी दिखाऊ म्हणालं नाही. मग स्तन परत हवा म्हणणाऱ्या बाईला का म्हणावं? अमेरिकेत 1998 पर्यंत विमा कंपन्या स्तन काढण्याचे पैसे देत आणि तो घडवण्याला सौंदर्योपचार म्हणून नकार देऊ शकत. त्या वर्षी संघराज्याचा कायदा झाला. जी पॉलिसी मास्टेक्टमीचा, म्हणजे स्तन काढण्याचा, खर्च देते तिने पुनर्रचनेच्या सगळ्या टप्प्यांचा, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर करायच्या शस्त्रक्रियेचा, कृत्रिम स्तनाचा आणि हाताला येणाऱ्या सुजेसकट गुंतागुंतीवरच्या उपचारांचा खर्च द्यायचा, असं त्याने ठरवून दिलं. हजारो बायकांना त्याचा आधार मिळाला आणि मिळतो आहे.

पण तोच कायदा नीट वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट आहे. हे सगळं कसं करायचं ते उपचार करणारा डॉक्टर आणि रुग्ण यांनी सल्लामसलतीने ठरवायचं आहे. शेवटी स्तनाचा उंचवटा असलाच पाहिजे, असं तो म्हणत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2020 मध्ये आपल्या शब्दकोशात ‘एस्थेटिक फ्लॅट क्लोजर’ ही नोंद घातली. तिच्यानुसार ही छातीच्या भिंतीचा आकार पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया आहे, ज्यात जास्तीची कातडी, चरबी आणि ऊती काढून उरलेला भाग ताणून गुळगुळीत बसवतात, आणि पुनर्रचनेसाठी घातलेलं इम्प्लांट काढल्यानंतरही ती करता येते. म्हणजे देशातली सर्वोच्च कर्करोग संस्था तिला घडवण्याचंच काम मानते. मग तिच्याकडे ‘सोडून देणं’ म्हणून पाहणारी नजर कुठून येते? सर्जनच्या प्रशिक्षणात उंचवटा घडवणं हे कौशल्य आणि सपाट शिवणं हे उरकून टाकायचं काम, अशी उतरंड कधीतरी बसून गेली, आणि ती आपण तपासली नाही. प्रत्यक्षात इम्प्लांट काढणं म्हणजे पिशवी ओढून बाहेर काढणं नव्हे. आवळलेलं वेष्टन सोडवायचं, उचललेला स्नायू परत बरगड्यांवर बसवायचा, वर्षानुवर्षं ताणलेली कातडी नेमकी किती कापायची हे ठरवायचं, काखेजवळ कातडीचे कोंब उभे राहणार नाहीत आणि मधोमध खळगा पडणार नाही अशी टाक्यांची रेघ आखायची. हे सगळं हाताला सवय आणि मनात आस्था असल्याशिवाय जमत नाही.

दुसरा आक्षेप सर्जन मंडळींचा आहे आणि तो त्यांच्या अनुभवातून आलेला आहे. बाई आज सपाट हवं म्हणते, उद्या तिला वाईट वाटेल, आणि एकदा काढलेली कातडी परत येत नाही. असं वाईट वाटलेल्या बायका असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. फ्लॅट, म्हणजे सपाट, झाल्यावर पुन्हा पुनर्रचना करून घेतलेल्याही आहेत. निर्णयाला वेळ देणं, दोनदा भेटणं, फोटो दाखवणं, त्यातून गेलेल्या कोणाशी गाठ घालून देणं, हे सगळं व्हायला हवं. पण या काळजीतून काय घडतं ते पाहा. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्लॅट राहिलेल्या 931 स्त्रियांची पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. 74 टक्के जणी आपल्या छातीच्या रूपावर समाधानी होत्या. पण 22 टक्के जणींना तीव्र विरोधाचा अनुभव आला होता. सपाटचा पर्याय सांगितलाच नाही, निर्णयाला पाठिंबा दिला नाही, किंवा बाईने सपाट हवं असं सांगूनही ‘उद्या मन बदललं तर’ म्हणून जाणूनबुजून जास्तीची कातडी शिल्लक ठेवली. ही पाहणी ऑनलाइन गटांतून झाली होती, त्यामुळे तिचे आकडे सगळ्या बायकांना सरसकट लावता येणार नाहीत. पण बेशुद्ध बाईच्या शरीरावर तिने सांगितल्याच्या उलट काही करणं हे एकदा घडलं तरी चूकच आहे, त्याला टक्केवारी लागत नाही.

हे आपण आधी पाहिलेलं आहे. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी 1894 मध्ये मांडलेली रॅडिकल मास्टेक्टमी म्हणजे स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळं काढणं. पुढची सुमारे ऐंशी वर्षं अमेरिकेत तोच शिरस्ता होता. बाईला बायोप्सीसाठी भूल द्यायची, गाठ कर्करोगाची निघाली तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर आपला स्तन आहे की गेला हे बाई हाताने चाचपून पाहत असे. दुसऱ्यांदा भूल नको, उशीर नको, बाईला मधल्या काळात घोर नको, असं त्याचं कारण दिलं जाई, आणि ते देणारे बहुतेक सर्जन मनापासून तसं मानत. रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी 1974 मध्ये स्वतःची गाठ सापडल्यावर आधी फक्त बायोप्सी करा, पुढचं मी शुद्धीवर आल्यावर ठरवू, असा हट्ट धरला, तेव्हा एकामागून एक सर्जनने त्यांना नकार दिला. पाच वर्षांनी, 1979 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने बायोप्सी आणि शस्त्रक्रिया वेगळ्या ठेवण्याची शिफारस केली. त्या समितीत स्वतः कुशनर होत्या. अमेरिकेचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उम्बर्तो वेरोनेसी या सर्जनांच्या चाचण्यांनी पुढे सिद्ध केलं की अनेक बायकांच्या बाबतीत केवळ गाठ काढून आणि रेडिएशन देऊनही जगण्याची शक्यता तेवढीच राहते. तेव्हा बाईच्या भल्यासाठी तिच्या संमतीपेक्षा जास्त काढलं जात होतं, आता तिच्या भल्यासाठी तिच्या संमतीपेक्षा जास्त शिल्लक ठेवलं जातं. हेतू चांगला असण्याने यात काय फरक पडतो?

आपल्या न्यायव्यवस्थेने याचं उत्तर दिलेलं आहे. समीरा कोहली खटल्यात दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, काढले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला. रुग्ण सज्ञान आणि सक्षम असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही आणि आईची संमती मुलीच्या जागी चालत नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालय म्हणालं नाही, आणि तरीही ते चूकच ठरलं. हेच तत्त्व छातीवरच्या कातडीला लावायला कोणता अडथळा आहे?

तिसरा आक्षेप इंटरनेटचा. इम्प्लांटमुळे थकवा, सांधेदुखी, मेंदूवर धुकं आल्यासारखं वाटणं असे त्रास होतात आणि इम्प्लांट काढल्यावर ते जातात, असं असंख्य बायका सांगतात. टीकाकार म्हणतात, हे सिद्ध झालेलं नाही, त्याची निदानाची चाचणी नाही, आणि भीतीवर धंदा करणारे सर्जन भरमसाट पैसे घेऊन गरज नसताना अख्खं वेष्टन अखंड काढण्याची टूम चालवतात. यातलं बरंचसं खरं आहे. लिम्फोमा असेल तर वेष्टनासकट अखंड काढणं आवश्यक असतं. सरसकट प्रत्येकीला ते करणं म्हणजे बरगड्यांना आणि फुप्फुसाच्या आवरणाला विनाकारण धोका. बाईला हे स्वच्छ सांगायला हवं आणि ‘काढल्यावर सगळं बरं होईल’ असं वचन कोणी देऊ नये. पण या आक्षेपातून लोक जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. इम्प्लांट काढून मागायला आजार सिद्ध करावा लागतो, हे कधी ठरलं? घालताना तर कुठलाच आजार सिद्ध करावा लागला नव्हता. ‘मला हवं आहे’ एवढं पुरलं होतं, आणि ते पुरणं योग्यच होतं. मग काढताना ‘मला नको आहे’ का पुरू नये? या अटीमुळेच कितीतरी बायकांना आपल्या साध्या नकोसेपणाला आजाराचं नाव शोधावं लागतं, आणि मग त्यांच्यावर आजार रचल्याचा आरोप होतो. 1962 मध्ये ह्यूस्टनला जगातलं पहिलं सिलिकोन इम्प्लांट ज्या बाईला बसवलं गेलं ती मुळात छातीवरचं गोंदण काढायला डॉक्टरांकडे गेली होती, इम्प्लांटची सूचना डॉक्टरांची होती. घालण्याची वाट इतकी मोकळी होती.

सपाट छातीचा गौरव करणाऱ्यांशीही मला भांडायचं आहे, कारण मी त्यांच्या जवळची आहे. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन 1978 मध्ये काढला. कृत्रिम स्तन न घालता त्या तपासणीला गेल्या तेव्हा नर्सने त्यांना सुनावलं की असं येण्याने दवाखान्यातल्या इतर बायकांचं मनोधैर्य खचतं. लॉर्ड यांनी आपल्या लेखनातून त्याला जे उत्तर दिलं त्यातून या चळवळीला मोठं बळ मिळालं, आणि त्यांच्या ऋणाची मला जाणीव आहे. पण आज त्याच चळवळीतल्या काही जणी नव्याने निदान झालेल्या बाईला सांगतात की पुनर्रचना म्हणजे पितृसत्तेशी तडजोड. हे त्या नर्सचंच बोलणं उलट बाजूने झालं. एकीने झाक म्हटलं, दुसरीने उघड म्हटलं, तुला काय हवं हे कोणी विचारलं? पुनर्रचना उलटवणारी बाई तर या दोघींच्या मधोमध सापडते. इम्प्लांटवाल्या म्हणतात, आम्हाला घाबरवतेस. फ्लॅटवाल्या म्हणतात, आम्ही आधीच सांगत होतो. तिला छाती न दुखता वावरायचं असतं, पालथं झोपायचं असतं, नातवाला छातीशी धरल्यावर त्याची ऊब लागायला हवी असते, एवढंच बहुतेक वेळा असतं. त्याचं तत्त्वज्ञान करून तिच्या डोक्यावर ठेवू नका.

आणि आपल्याकडे? हा अमेरिकेतल्या विमाधारक बायकांचा प्रश्न आहे, आपल्या बायकांना साधी मॅमोग्राफी मिळत नाही तिथे उलटी शस्त्रक्रिया कसली घेऊन बसलात, असं मला ऐकवलं जातं. आकड्यांनी हा आक्षेप जड आहे. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे, त्यातल्या पुष्कळ जणी उशिरा पोहोचतात आणि बहुतेकींपुढे पुनर्रचनेचा प्रश्नच येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन जाणाऱ्या कितीतरी जणी ब्लाउजमध्ये कापसाची पुरचुंडी खोचून गावच्या एसटीत बसतात. त्यांची सपाट छाती ही त्यांची निवड नव्हे, कारण पर्यायच नव्हता. पण नेमकं म्हणूनच ‘सपाट’ नीट शिवण्याची कला अमेरिकेपेक्षा आपल्याला जास्त लागते. जिथे बहुतेक बायका सपाट राहणारच आहेत, तिथे त्यांची छाती कशी शिवली जाते हा लाखोंचा प्रश्न आहे. काखेखाली राहिलेली कातडीची घडी ही केवळ दिसायला वाईट नसते. उन्हाळ्यात तिच्यात घाम साचून चिघळतं, ब्लाउजची शिवण तिच्यावर घासते, खुरपताना हात मागे-पुढे केला की ती टोचते. शेतात राबणाऱ्या बाईला याचा जाच शहरातल्या बाईपेक्षा जास्त होतो, आणि तो टाळायला महागडं यंत्र लागत नाही. टेबलावरचा थोडा जास्त वेळ लागतो आणि हे काम महत्त्वाचं आहे अशी शिकवण लागते.

आपल्याकडे ज्या थोड्या शहरी जणींची पुनर्रचना होते, त्यांच्या निर्णयाच्या वेळी खोलीत किती माणसं असतात हेही लक्षात घ्या. ‘यांचे मिस्टर आले आहेत का?’ हा प्रश्न बाईला काय हवं आहे याच्या आधी येतो. सासू म्हणते, अजून वय काय आहे हिचं. आई म्हणते, डॉक्टर सांगतील ते. करून घ्या म्हणणारे सगळे असतात आणि त्यांचं प्रेम खोटं नसतं. तीच बाई पाच वर्षांनी काढायचं म्हणते तेव्हा मात्र तिला एकटीने त्या सगळ्यांना पटवावं लागतं. बायकांच्या अवयवांबद्दल दुसऱ्यांनी ठरवण्याची सवय आपल्याकडे किती खोल गेली आहे हे बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांनी 2019 मध्ये महाराष्ट्राला दाखवलं आहे, त्यासाठी राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिथे गरज नसताना काढलं गेलं, इथे नको असताना ठेवलं जातं. विचारलं कोणालाच जात नाही.

विम्याचं बोलायलाच हवं, कारण हक्काची परीक्षा तिथे होते. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये आरोग्य पॉलिसींमधल्या अपवादांची भाषा एकसारखी केली. सौंदर्य किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना याला अपवाद, असं त्यात आहे. म्हणजे कर्करोगानंतर स्तन घडवण्याला कागदावर तरी दार उघडं आहे. मग तो काढून छाती सपाट घडवण्याला? इम्प्लांट फाटलं, जंतुसंसर्ग झाला तर वैद्यकीय गरज म्हणून दावा मांडता येईल. पण दुखणं अहवालात दिसत नसेल, किंवा बाईला ते फक्त नको असेल, तर तो खर्च ‘रूप बदलण्याच्या’ रकान्यात टाकायला कंपनीला मोकळीक राहते. छातीची भिंत घडवणं ही पुनर्रचनाच आहे आणि इम्प्लांट काढल्यानंतर केली तरी ती पुनर्रचनाच राहते, एवढं एक वाक्य प्राधिकरणाने स्पष्टीकरण म्हणून काढलं तरी पुष्कळ वाद मिटतील.

राहता राहिली सगळ्यात अवघड केस, आणि ती टाळून मला थांबायचं नाही. एका बाजूचा स्तन कर्करोगाने गेला, पुनर्रचना केली, ती उलटवली, आणि आता बाईला दुसऱ्या बाजूचा निरोगी स्तनही नको आहे, कारण एका बाजूला ओझं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा शरीराने तिची मान आणि पाठ दुखते आणि कपड्यांत तिला अर्धवट वाटतं. अनेक सर्जन इथे थांबतात. निरोगी अवयव काढायचा नाही, त्याने आयुष्य वाढत नाही, असं ते म्हणतात, आणि जनुकीय धोका नसेल तर आयुष्य वाढत नाही हे खरंच आहे. पण दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी निरोगी स्तन कापून लहान केला जातो, वर उचलला जातो, त्यात इम्प्लांट घालून मोठाही केला जातो. त्यानेही आयुष्य वाढत नाही. कोणी अडवत नाही आणि अमेरिकेत तर कायद्याने त्याचे पैसे मिळतात. सारखेपणा उंचवट्याकडून साधला तर उपचार आणि सपाटीकडून साधला तर विक्षिप्तपणा, या फरकाला वैद्यकीय आधार मला सापडत नाही. धोका बाईला समजावून सांगावा, वेळ द्यावा, बारीक अक्षरात नव्हे तर बोलून सांगावं. एखाद्या सर्जनला ते मनाला पटत नसेल तर त्याच्यावर सक्ती नको. त्याने ते ऑपरेशनच्या आधी, ती शुद्धीत असताना, तिच्या तोंडावर सांगावं आणि जे करतात त्यांचं नाव लिहून द्यावं.